वळूच्या टाकीतला स्फटिक

छावणी, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मीनाक्षीताईस,
श्रीनिवासाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. हा विषय फोनवर काढला की तू फोन ठेवून देतेस. पत्र तसं आपटता येत नाही, म्हणून लिहितोय.

ताई, तुझं प्रथिन सुटलं, त्याचा आकार निघाला. हिंगणबेटाच्या झाडाच्या बियांतलं, तेच. ज्याच्यापायी विद्यापीठात सहा वर्षं घातलीस आणि शेवटी पीएच.डी. अर्धी टाकून वैजापूरच्या कॉलेजात शिकवायला गेलीस, ते. तुझ्या स्फटिकाच्या मोजमापांची सीडी तू फेकायला काढली होतीस; मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात ठेवून घेतली होती.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ठिपके मिळतात. ठिपका किती गडद ते मोजता येतं, पण त्यामागची लाट कुठल्या टप्प्यावर होती ते हरवतं, आणि त्यावाचून रेणूचा आकार निघत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. सूक्ष्मदर्शक दुरुस्त करता करता तुझीच पुस्तकं वाचून मी शिकलो आणि बरोबर शिकलो. हरवलेलं शोधायला तू स्फटिक पाऱ्याच्या क्षारात बुडवायचीस आणि ते तडकायचे. आता संगणक नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून आकाराचा अंदाज देतो. तो अंदाज मी तुझ्या ठिपक्यांशी लावून पाहिला. गेल्या रविवारी दुपारी जेवून बसलो, तो चहाच्या वेळेला नकाशा समोर! निळ्या जाळीत प्रथिनाची साखळी चपखल बसली. एका खाचेत साखरेचा रेणूसुद्धा अडकलेला सापडला, तोही मी बसवला.

जाळी पाहताना मला आपली टाकी आठवली. स्फटिक गोठवायला द्रव नायट्रोजन गावात मिळायचा तो फक्त जनावरांच्या दवाखान्यात. वळूचं वीर्य ठेवायची टाकी, आत तुझे स्फटिक, मांडीवर घेऊन आपण एसटीनं मुंबईला क्ष-किरणांच्या यंत्राकडे निघालो होतो. पाचोडचा एक म्हातारा शेजारी बसला होता. त्यानं विचारलं की वळू कोणत्या जातीचा हाय, आणि तू चेहरा न हलवता सांगितलंस की लई दुर्मीळ, जगात एकच. तो बिचारा पुण्यापर्यंत त्याचा पत्ता मागत होता. टाकी हलू नये म्हणून मी पाय आखडून बसलो होतो आणि तू हसू दाबायला खिडकीबाहेर बघत होतीस. तसं हसताना मी तुला नंतर पाहिलं नाही.

ही रचना प्रथिन-पेढीत, म्हणजे जगभरच्या प्रथिनांचे आकार साठवतात तिथं, जमा करायची आहे. पहिलं नाव तुझं. होकार कळव.

स्वरदा आत्याला आणि दीपमाला नणंदेला नमस्कार सांगतात. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा
श्रीनिवास


वैजापूर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. श्रीनिवास यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. स्वरदाचा खोकला गेला का, ते सोडून बाकी सगळं लिहिलंस. तिला ज्येष्ठमध दे.

माझी सहा वर्षं म्हणजे तुझ्या जेवणापासून चहापर्यंतचं काम होतं, हे कळवल्याबद्दल आभारी आहे. तुला आनंद झाला, तो खरा आहे, मी त्यावर पाणी ओतत नाही. पण माझं काय झालं असेल याचा विचार केलास? तडकलेला प्रत्येक स्फटिक हा माझ्या हाताचा दोष आहे, असं मला वाटायचं. मार्गदर्शक निवृत्त झाले, शिष्यवृत्ती संपली, आणि मी स्वतःला समजावलं की हे कोणालाच सुटणारं नाही. त्या समजुतीवर मी इतकी वर्षं नीट जगले आहे. ती तू काढून घेतलीस.

नाव तुझं घाल. माझं नको. म्हाताऱ्याची गोष्ट मात्र बरोबर आठवलीस. पत्ता त्यानं शिरूरपर्यंतच मागितला, मग झोपला. नेमकेपणाचा तोरा मिरवतोस ना, म्हणून सांगितलं.

माया आहेच, विषय पुरे.

ताई


छावणी
२० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिरूर मान्य. बाकी काही मान्य नाही.

चहापर्यंतचं काम माझं होतं. तुझ्या कामाला अजून पर्याय निघालेला नाही. संगणकाचा अंदाज हा अंदाजच. तो ज्यांवर शिकला, त्या हजारो रचना तुझ्यासारख्यांनीच स्फटिक वाढवून काढल्या. आणि ऐक, अंदाजात साखळीचं एक वळण आत मुडपलेलं आहे. तुझ्या स्फटिकात ते सरळ बाहेर आलेलं दिसतं. कोण खरं? यंत्रानं हिंगणबेटाची बी कधी पाहिलेली नाही. तू ती फोडून, वाटून, गाळून स्फटिक केलास. हात खराब असता तर असे ठिपके पडलेच नसते.

सोबत पेनड्राइव्ह पाठवतोय. उघडायची नसेल तर ड्रॉवरमध्ये टाक. पण तुझं नाव गाळून मी काही जमा करणार नाही, मग ते राहिलं तसंच तर राहू दे.

स्वरदाचा खोकला गेला. कृपा कमी होऊ नये.

श्रीनिवास


वैजापूर
२ डिसेंबर २०२५

चि. श्रीनिवास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवडाभर पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्येच होती. शनिवारी कॉलेजच्या संगणकावर लावली ती फक्त तुझी साखर बघायला, कारण तुझ्या पहिल्या पत्रापासून ती माझ्या दाताखाली खड्यासारखी लागत होती.

गाढवा, ती साखर नाही. साखरेला सहा कोपऱ्यांचं कडं लागतं. तिथं तीन कार्बनांचं शेपूट आहे आणि त्यावर तू कडं कोंबलंस. तो ग्लिसरॉल आहे! गोठवताना बर्फ धरू नये म्हणून मी स्फटिक त्यात बुचकळला होता. तू तेव्हा दवाखान्यात नायट्रोजन आणायला गेला होतास, तुला कसं ठाऊक असणार? ते ठाऊक असणारी जगात मी एकटीच आहे, हे लक्षात आलं आणि मी खुर्ची पुढे ओढली.

साखर काढून ग्लिसरॉल बसवला. मग तुझं वळण तपासलं, सगळं पुसून पुन्हा बांधलं. तू बरोबर आहेस, ते बाहेरच आहे. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला तेव्हा मला कळलं की मी मोठ्यानं हसतेय. त्याला म्हटलं, अर्धा तास दे. त्यानं विचारलं, मॅडम, निकाल लागला का? मी म्हटलं, लागला.

पहिलं नाव माझं, दुसरं तुझं. ग्लिसरॉल माझ्या नावावर, चूक तुझ्या.

पण त्या खाचेत खरंच साखर बसते का, हे अजून कोणालाच माहीत नाही. अंदाजावर मला ते सोडायचं नाही. साखर घालून नवा स्फटिक वाढवून पाहायला हवा, आणि थंडीत हिंगणबेटं पिकलेली आहेत. मी येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. तुझ्या घरच्या फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा करून ठेव, स्फटिक तिथं वाढवू. दीपमालाला सांग, दही वर ठेव, आणि पुढचे काही आठवडे फ्रीजचं दार हळू लाव, स्फटिकांना हादरा चालत नाही.

तुमच्यावर आहे ती माया घेऊनच येते.

तुझी
ताई