बेटावरून ह्यांना मिळालेलं उत्तर

चिरंजीव थोरल्या,
देव तुला त्या बेटावर सुखरूप ठेवो.

ह्यांच्या रेडिओच्या एरियलला नवी तार आणली, साडेतीनशे पडले. तू रेडिओ घेऊन गेलास त्या निर्जन बेटाशी एकदा तरी बोलायला मिळावं म्हणून जगभरचे हौशी रेडिओवाले हाका मारताहेत, त्या गर्दीत ह्यांचा आवाज पोचेना. घसा पार बसला. “पोटच्या पोरापुढेही रांग!” मी टोमणा मारला.

आज तू उत्तर दिलंस. आवाज कसा येतोय तेवढं सांगितलंस, आभार मानलेस आणि लगेच पुढच्याला घेतलंस. ‘बाबा’ म्हणालाच नाहीस. हे डोळे पुसत म्हणाले, “बघितलंस? बापालाही वशिला नाही!” मी देवापुढे हात जोडले.

तिकडे टपाल जात नाही, तेव्हा हे पत्र पोथीतच राहील. तरी लिहिते: परत आल्यावर बोलणं झाल्याची पोच म्हणून सगळ्यांना कार्ड धाडतोस, तसंच ह्यांनाही धाड. मागच्या बाजूला मात्र तिथे वेळेवर जेवत होतास का, ते मला उलट टपाली कळव.

तुझी आई