अंडी आत, आम्ही बाहेर

६ मार्च
उद्या आम्हा शाळेतल्या सगळ्यांचा संप! एकाच दिवसाचा म्हणाले, म्हणून अंडी वर्गातच ठेवून आले. बारा आहेत, आज अठरावा दिवस. उबवणीच्या पेटीत पाणी भरलंय. एकतीस वर्षं पहिलीच्या पोरांबरोबर दर मार्चला पिल्लं काढली. जूनमध्ये मी निवृत्त. म्हणजे ही शेवटची.

७ मार्च
मिटलं नाही. दिवसभर शाळेच्या फाटकासमोर फलक धरून उभे, पाय गारठले. इथून माझी खिडकी दिसते — पेटीचा पिवळा दिवासुद्धा.

पोरं आज्यांच्या घरी पडून आहेत. काहींना शाळेतलंच जेवण काय ते धड मिळतं, म्हणून आमची स्वैपाकीण रेबा कामावर आल्यागत चर्चमध्ये घेवड्याचे टोप चढवते. माझी सख्खी चुलत बहीण ती, पण आमचं बोलणं मिठामिरचीपुरतं. पन्नास सालच्या खाणीच्या संपात तिचे वडील, व्हर्जिलकाका, सगळ्यांदेखत संपकऱ्यांची रांग ओलांडून खाणीत गेले. बाबा मरेपर्यंत सख्ख्या भावाशी बोलले नाहीत. म्हणायचे, टोपी आत राहिली तर बोडक्यानं घरी यावं, पण रांग ओलांडू नये. बाबांच्या कोटाला कोळशाचा न् पेपरमिंटचा वास यायचा. आज फार आठवला.

८ मार्च
पाणी आटलं असणार. पेटी कोरडी पडली की पिल्लं कवचातच चिकटून मरतात. छोटी टेस्सा आईचा हात सोडून धावत आली — पिल्लांकडे कोण बघतंय? मी म्हटलं, मुख्याध्यापक. धडधडीत खोटं! ते तर गावातच नाहीत. मी फाटकापर्यंत दोनदा गेले. पाऊल उचलेना. घरी येऊन रडले.

९ मार्च
सकाळी रेबानं फलक भिंतीला टेकवला, शाळेच्या स्वैपाकघराची किल्ली काढली आणि रांग ओलांडून आत चालू लागली. कुणीतरी ओरडलं. ती वळलीसुद्धा नाही.

"आमच्या नावाला काळं फासलेलंच आहे. अजून काय फासणार?"

दहा मिनिटांनी बाहेर आली. पाणी भरलंय, दोन अंड्यांना आतून तडे गेलेत, म्हणाली. नंतर तिच्या शेजारी कुणी उभं राहीना. मी जाऊन उभी राहिले.

१० मार्च
रेबा परत आत जाऊन बघून आली. नऊ निघाली!

बासष्ट वर्षांची झाले, आज पहिल्यांदा तिला विचारलं — काका तेव्हा आत का गेले होते?

"खाली खाणीत खेचरं बांधलेली होती गं. चार दिवस त्यांना कुणी पाणी दाखवलं नव्हतं."

बाबांनी कधी विचारलंच नाही.