सोळाचं अ‍ॅव्हरेज आणि बाजूची सीट

तीर्थरूप दादा,

सोळा म्हणालास. छातीवर हात ठेवून म्हणालास, "डोळे झाकून लिटरला सोळा देते, पोरी." पन्नाशीला आलेल्या बाईला पोरी म्हटलं की ती विरघळते आणि वीस वर्षांचा जुना पिकअप गळ्यात बांधून घेते, हे तुला बरोबर ठाऊक. (तब्येत कशी आहे? गुडघा? बरा असेल असं धरते. हे आधी विचारायचं असतं, पण मला राग आधी आला.) मी चौथीपर्यंतच शिकले, पण भागाकार मला येतो. टाकी गळ्यापर्यंत भरली, किलोमीटरचा आकडा खडूने माझ्या बाजूच्या दारावर आतून लिहिला, आठवडाभर दवाखान्याच्या चादरींची गाठोडी वाहिली, पुन्हा त्याच पंपावर गळ्यापर्यंत भरली. अकरा! दुसऱ्या आठवड्यात पुन्हा अकरा. पंपावरच्या ड्रायव्हर लोकांना विचारलं तर कोणी अठरा सांगतो, कोणी वीस. एकाने बावीस सांगितलं, त्याला म्हटलं, बाबा, तू गाडी चालवतोस की दोरी बांधून ओढतोस? गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि तरुणपणी उचललेलं वजन, ह्या दोन बाबतींत पुरुषमाणसाला लाज म्हणून नसते. म्हातारी गाडी, मागे ओझं, रस्त्यात दर चार पावलांवर खड्डा, अकराच देणार. मी अकरावर समाधान मानलं होतं. तुला दोन शिव्या दिल्या आणि विषय संपवला.

तर तिसऱ्या आठवड्यात भागाकार सोळा आला.

मी तीनदा केला. सोळाच. मला आनंद झाला नाही. कारण त्या आठवड्यात गाडी मी चालवली असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. चाळीसच्या वर न्यायला पाय दाबला की कोणीतरी खालून तळवा धरून ठेवावा तसा पाय तिथेच. चढ आला की मी गियर बदलायच्या आत दांडा आपण होऊन दुसऱ्यात. रेल्वेच्या फाटकाशी थांबले की इंजिन बंद, किल्ली मी फिरवलेली नसते. फाटक उघडलं की एका झटक्यात सुरू. मिस्त्रीला दाखवली. त्याने भरदुपारी झाडाखाली सगळी खोलून पाहिली आणि म्हणाला, "ताई, गाडी ठणठणीत आहे." मग चालवून बघू म्हणून तो बाजूच्या सीटवर बसला आणि बसल्याबरोबर उठला. म्हणाला, सीट गरम आहे. सावलीत उभी होती रे गाडी, सकाळपासून. (त्याने मजुरी घेतली नाही. मिस्त्रीने मजुरी घेतली नाही, म्हणजे किती घाबरला असेल बघ.)

मी घाबरत नाही, मला फक्त पक्कं कळायला लागतं. भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर रिकामी गाडी चढवली. गाडीच्या कागदावर आहे त्याहून अठ्ठावन्न किलो जास्त. स्टेपनी काढली, कागदातलं तिचं वजन वजा केलं, तरी अठ्ठावन्न. खाली उतरून मी स्वतः चारी बाजूंनी पाहिलं, मागे एक टॉवेलसुद्धा नव्हता. आता दादा, आपल्या घरात अठ्ठावन्न किलोचं कोण होतं, आणि पंधरा वर्षं तुझ्या बाजूला बसून "हळू, दुसरा टाका, फाटकाशी इंजिन बंद करा, डिझेल काय फुकट येतं?" असं कोण म्हणायचं, हे मी तुला लिहायला नको. वहिनींना जाऊन आठ महिने झाले. मला वाटलं, त्या गेल्या. गेल्या नाहीत, गाडीत बसल्या आहेत. आणि तू खोटं बोलला नव्हतास, त्या असतील तर सोळाच देते. हे मी लिहून देते, एवढ्यावर फुशारून जाऊ नकोस.

वहिनींशी माझं कधी वाकडं नव्हतं. पण दवाखान्यात चादरी आठच्या आत लागतात. ह्याच एका कामावर माझी लाँड्री उभी आहे, आणि चाळीसच्या चालीने मी पोचते पावणेदहाला. तिथली मेट्रन माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघते. तिने सांगितलंय, एक तारखेपासून वेळेत नाही आलात तर दुसरी बाई ठेवते. पहाटे लवकर निघून पाहिलं, तर त्या दिवशी गाडी तीसच्या वर जाईना. तोंडाने सांगून पाहिलं, "वहिनी, माझं पोट आहे ह्याच्यावर, जरा सरका." भर रस्त्यात रिकाम्या सीटशी भांडणारी बाई बघून शेजारच्या रिक्षावाल्याने रिक्षा लांब नेली. तेव्हा तूच ये आणि तुझी गाडी तुझ्या माणसासकट घेऊन जा. मला अकराची दुसरी बघ.

तुझी बहीण

ता. क. गाडी लगेच नेऊ नकोस. एक गोष्ट वर लिहिली नाही, हात थांबला होता. माझे आकडे माझ्या दारावर असतात. गेल्या सोमवारपासून बाजूच्या सीटकडच्या दारावरही आतून आकडे उमटतात, त्यांचेच, तो खालून उघडा चार मी कुठेही ओळखेन. म्हणून काल मी त्यांच्या दारावर खडूने लिहिलं, वहिनी, उतरा, मला उशीर होतो. आज सकाळी खाली उत्तर होतं. "उतरते. आधी सांगा, हे जेवतात का?"

दादा, मला सांगता आलं नाही. आठ महिन्यांत मी तुझ्याकडे दोनदा आले, दोन्ही वेळा दारातून, गाडी चालू ठेवून. तुझा शेजारी म्हणतो की तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडलेली त्याने पाहिली नाही.

ता. क. दुसरं. जेवत नसशील तर सरळ इकडे ये. तू चालव, त्या बाजूला बसतील, मी मागे गाठोड्यांत बसेन. मेट्रनला काय सांगायचं ते मी बघते.

गुरुवारच्या आत उत्तर हवं. फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस. कागदावर, तुझ्या हाताने, दोन वेळचं काय खाल्लंस ते खरं लिही. मला तो कागद जसाच्या तसा त्यांच्या दारावर चिकटवायचा आहे.