आईचे पंधरा शेक

२ फेब्रु., सोम.
छातीतली कॅन्सरची गाठ काढली, तरी आईला किरणांचे पंधरा शेक घ्यावे लागणार. सोम. ते शुक्र., रोज एक.  छावणी भागातल्या घरी आल्यावर म्हणाली, "मी नाय घेणार." शेजारच्या काकूंनी सांगितलंय, शेकानं माणूस आतून जळतं, किरण अंगात राहतात. अजून एकही शेक झाला नाही, तरी आईनं माझ्या चार वर्षांच्या चिमीला दिवसभर जवळ येऊ दिलं नाही.

४ फेब्रु., बुध.
फुलंब्रीला शाळेत दहावीचा तास. रेडिओच्या लहरी, उन्हाची धग, उजेड, क्ष-किरण, सगळी एकाच घरातली. लहरीची लांबी कमी तशी ताकद जास्त. एकीनं विचारलं, मोबाईलनं कॅन्सर होतो का? म्हटलं, तसा पक्का पुरावा नाही. त्या लहरींत पेशीतलं काही तोडायची ताकद नसते, क्ष-किरणांत असते. आणि एकदम अडखळले. गाठ कळली त्या दिवशी आईच्या उशाचा फोन मीच उचलून कपाटात ठेवला होता. विज्ञानाची मॅडम!

५ फेब्रु., गुरु.
आईला सगळं सांगितलं. दिवा बंद केला की उजेड खोलीत उरत नाही, तसंच, मशीन थांबलं की किरण संपले. चिमीला खुशाल मांडीवर घे.
"मग माझा फोन का उचलून नेला?"
"भ्याले होते, आई."
 मग म्हणाली, डॉक्टरांच्या तोंडून ऐकते.

९ फेब्रु., सोम.
डॉक्टरांनी तेच सांगितलं. गेली आत. जाड दार बंद. मी बाहेर बाकावर. पाच-दहा मिनिटांत आली. दुखलं नाही, म्हणाली, नुसती घरघर. घरी येताच चिमीला उचलायला निघाली. टाक्यांच्या जागी ताण नको, खाली बसून घे म्हटलं.

१८ फेब्रु., बुध.
आठ झाले. कातडी काळवंडलीय, थकवा लई. सकाळी नको म्हणत होती, तरी निघाली. बाकावर फुलंब्रीकडची एक बाई रडत बसलेली, तिचा पहिलाच दिवस. आईनं तीस वर्षं छावणीत कपड्यांना इस्त्री केली. तिला म्हणाली, "मलमलीला वेगळा ताप, खादीला वेगळा. हे लोक मोजून देतात. भिऊ नको." मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवते, इतकं सोपं कधी जमलं नाही.

२७ फेब्रु., शुक्र.
पंधरावा झाला. गुण किती आला, ते मे महिन्यातल्या तपासणीत कळेल. डॉक्टरही त्याआधी काही सांगत नाहीत. मला मे फार लांब वाटतो.
आई मात्र सोमवारची रिक्षा सांगून ठेव म्हणते. म्हटलं, आता तुझं तिथं काय काम?
"त्या बाईचे अजून सात राहिलेत. दार लागलं की घाबरते ती. बाहेर कुणीतरी ओळखीचं पाहिजे."