चिखल थांबतो ती जागा

बाबा, परवा वाडीत जाऊन तुमचा तो पांढरा दगड पाहून आले. अजून तिथंच आहे, आणि आता त्याच्यावर पत्र्याचं छप्परही आलंय. तुम्ही कपाळावर हात मारला असता.

तुम्हाला माझा कॉम्प्युटर पहिल्यांदा दाखवला तो दिवस आठवतो. पोलादपूरहून एसटीनं मुंबईला आलात, हातात घावनांचा डबा. प्रयोगशाळेत मी ऐटीत कळ दाबते. पडद्यावर आंबेनळी घाटातली जुनी दरड सुटते, दगडमातीचा पातळ चिखल होऊन वाहत येते आणि रस्त्याखालच्या मोरीच्या अलीकडेच थांबते. तुम्ही चष्मा वर करून बघता नि म्हणता, "खोटं हाय गो हे. चिखल मोरी ओलांडून खाली गेलता. आठ दिस मीच उपसलाय." मला राग आला. दोन वर्षांचं माझं काम, आणि घाटरस्त्यावर फावडं मारणारे माझे बाबा ते एका वाक्यात मोडीत काढतात! पण रागारागानंच मी घर्षणाचा आकडा थोडा कमी केला, मग आणखी थोडा. प्रत्येक वेळी तासभर थांबावं लागायचं, तेवढ्यात आपण घावनं संपवली. शेवटी चिखल घसरत मोरीपलीकडे गेला आणि तुम्ही चक्क टाळी वाजवलीत. "आता कसं!" इतका आनंद मला पुढे पदवी घेतानाही झाला नाही.

तोच आकडा घालून मी आपल्या वाडीवरचा भेगा पडलेला कडा पडद्यावर पाडून पाहिला. चिखल थेट शेजारच्या तात्यांच्या गोठ्यावर. माझा रंगीत कागद बघून तात्या हसले. "कागदावर डोंगर पडतो व्हय?" मग माझ्या हिशेबानं चिखल जिथं थांबणार, तिथं तुम्ही दगड रोवलात, मैलाच्या दगडाला फासायचात तसा चुना फासलात आणि म्हणालात, "गोठा याच्या खाली न्या, तात्या." तात्या कुठले ऐकतायत! पण आठवड्याभरात दगडावर जास्वंदीचं फूल दिसलं, मग शेंदूर, मग नारळ. देवाच्या अंगावर शेणाचं पाणी नको म्हणून तात्यांनी गोठा मुकाट खाली नेला. तुम्ही मात्र भडकलात. "दर मार्चला चवदार तळ्यावर जातो मी, आन माझ्याच दगडाचा देव? कोणी केलं हे?"

पुढच्या पावसाळ्यात भर दुपारी कडा खाली आला. चिखल गोठ्याच्या रिकाम्या जागेवरून गेला आणि दगडाच्या चार पावलं अलीकडे थांबला. खाली तात्यांच्या चारही म्हशी रवंथ करत उभ्या. तुम्ही दोघं गुडघाभर चिखलात एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसताय. तात्या म्हणतात, "देव पावला." तुम्ही म्हणता, "आकडा पावला, माझ्या पोरीचा!" ते ऐकून मी रडले होते.

पहिलं फूल कोणी वाहिलं याचा तपास तुम्ही शेवटपर्यंत करत होता, आणि संशय सगळा तात्यांच्या बायकोवर, बिचाऱ्या काकूंवर. परवा मी फूल नाही वाहिलं, चुन्याचा नवा हात देऊन आले. ते पहिलं फूल आपल्या परसातल्या जास्वंदीचं होतं, बाबा. मीच ठेवलं. तुम्ही असतात तरी हे पत्र पाठवायची माझी हिंमत झाली नसती.