चाळीस बोल्ट

२७ ऑगस्ट, मंगळवार

नापास! माझी जीप नापास!

गडचिरोलीला पासिंगला नेली होती. ब्रेक ठीक, दिवे ठीक, इंजिन तर ऐकतच राहावं. पण आरटीओच्या साहेबांनी चाकावरची काळी पट्टी धरून हलवली आणि ती त्यांच्या हातातच आली. चिखल उडू नये म्हणून चारही चाकांच्या कमानींवर या पट्ट्या आहेत, एकेकीला दहा बोल्ट. सगळे गंजून भुगा! "बाई, नवे बोल्ट टाका. १३ सप्टेंबरला आणा."

निकेशला नागपूरला फोन केला. पोटचा पोरगा म्हणून सांगायला गेले, तर म्हणतो, "आई, भंगारात दे आता. तुझं तरी वय काय गाडी चालवायचं?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, १३ ला पास नाही झाली तर मीच भंगारवाल्याला बोलावते!

जिभेला हाड नाही माझ्या. आता काय करू?

२८ ऑगस्ट

आरोग्यसेविका होते तेव्हा ही गाडी निलामात घेतली. कुरखेड्याच्या पलीकडची जंगलातली सगळी गावं माझ्याकडे. बाळंतिणी हिच्यातून नेल्या. मोतीबिंदूच्या शिबिराला म्हातारे कोंबून नेले. रडायचे बिचारे. मी ओरडायची, "डोळ्याचं ऑपरेशन आहे, फाशी नाही!" गाडी गेली तर मी कोण? घरात बसून तांदूळ निवडणारी एक बाई. नाही, नाही देणार.

लटारू मात्र आजवर पुढच्या सीटवर बसला नाही. मागे बसतो, दांडा धरून, डोळे मिटून. (नवऱ्याचं हे नाव फक्त कागदावर. तोंडाने लग्नापासून एकदाही घेतलं नाही. बाकी कुठलीच रीत मी धड पाळली नाही, ही एक पाळते.)

आज सहा बोल्ट निघाले, चार तुटले. उरलेल्यांवर टोळीचं तेल सोडून ठेवलंय. मोहाच्या बियांचं तेल गंज सोडवतं, असं सगळे म्हणतात. लटारू जन्माचा सुतार, बैलबंड्या बनवणारा. तो ओट्यावरून म्हणतो, "बंडीले कधी बोल्ट पाह्यला का? धावड्याच्या लाकडाची खुंटी ठोकाची. पानी लागलं का फुगते, मंग जलमभर निंगत नाई." मी म्हटलं, तुमचं बंडीचं ज्ञान बंडीत ठेवा.

३१ ऑगस्ट

सगळे जुने बोल्ट निघाले! तेलाच्या वासाने मुंग्यांची जत्रा भरली, पण निघाले.

पोचूच्या हार्डवेअरमधून नवे आणले. घरी येऊन बघते तर एकही बसेना. परत गेले, भांडले. पोचू म्हणाला, "सिस्टरबाई, तुमीच नमुना देल्ला होता ना?" मी दिलेला नमुना दाखवला त्याने. खिडकीच्या कडीचा स्क्रू! आता तो माझ्या पर्समध्ये कसा आला देव जाणे. पोचूने गडबड केली असणार. बदलून मात्र दिले चाळीस.

आणि पाकिटांवर आकडे किती बारीक छापतात हल्ली! कंपन्यांना शाई महाग झाली वाटतं.

१ सप्टेंबर

अंगणात नट सांडले. एकेक वेचले. एक नट पान्यात बसेना, दाबला तर चुरा झाला. शेळीची लेंडी होती.

लटारू हसला नाही. बघत राहिला नुसता. हसला असता तर बरं वाटलं असतं.

२ सप्टेंबर, पोळा

आज पाना हातात घेतला तर लटारू म्हणाला, "बैलाईले सुट्टी हाये, तुह्या गाडीलेबी दे." दिली. तो सकाळपासून बैलांची शिंगं चंदेरी रंगवत बसलाय. मला स्वतःच्या कुंकवाची डबी सापडत नव्हती तेव्हा एवढ्या मायेने कोणी शोधून दिली नाही हो!

(या वहीत दोन ओळी सोडून लिहितेय. कागद जातो, पण ऐसपैस वाटतं.)

५ सप्टेंबर

चाळीस! चारही पट्ट्या बसल्या! शेवटचा बोल्ट तर डोळे मिटूनच पिळला. इतकी वर्षं हाताने नाड्या तपासल्या आहेत, हाताला सगळं कळतं. एकेक चाचपून मोजला. चाळीस म्हणजे चाळीस.

लटारूने गाडीला फेरी मारली. वाकून वाकून बघितलं. "बेस झालं," म्हणाला.

त्याने माझ्या कामाला आजवर कधी बेस म्हटलं नव्हतं. यात काहीतरी खोट आहे.

९ सप्टेंबर

बाजारातून आले तर गाडीखालून दोन पाय बाहेर! काय करता म्हटलं, तर म्हणे, "सावली बेस हाये इथी." घरात पंखा असताना! मग संध्याकाळी बादल्याच्या बादल्या पाणी ओतून गाडी धुतली. आयुष्यात कधी धुतली नाही. चाकांवर तर इतकं पाणी मारलं, म्हटलं धान लावता की काय?

पोळा होऊन आठवडा झाला, बोटांचा चंदेरी रंग अजून गेला नाही. हात धुवायचा कंटाळा. पुरुषाची जात!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पास!! पास!! पास!!

साहेबांनी पट्टी ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. गाडी हलली, पट्टी नाही! मग पेनाने एका बोल्टवर टकटक केलं, थांबले, मागे उभ्या लटारूकडे बघितलं. "काका, बंड्या बनवता का?"

"हो साहेब."

"वाटलंच." आणि मारला शिक्का.

बंडीचा इथे काय संबंध? सरकारी माणसांचं काही कळत नाही. असो. निकेशला फोन केला आणि पाच मिनिटं फक्त हसले.

१७ सप्टेंबर

लायसनची मुदत संपत आली म्हणून डॉक्टरांच्या सहीचा कागद आणायला गेले. डॉक्टर म्हणाले, समोरच्या फळ्यावरची वरची ओळ वाचा.

मी म्हटलं, कोणता फळा?

१८ सप्टेंबर

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पार पिकलेला. मी! शेकडो म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून सांगणारी मी! डॉक्टरांनी सही केली नाही. गाडी पास, बाई नापास.

भीती वाटते. ऑपरेशनची. इथे लिहिते, बाहेर कोणाला सांगणार नाही.

लटारूला विचारलं, तुमाले माईत होतं का? तो म्हणाला, "लेंडीच्या दिवशी समजलं." मग बोलले का नाही? "तू आयकली असती?"

नसते ऐकलं.

४ ऑक्टोबर

उजव्या डोळ्याचं झालं. लालपरीने गेलो, लालपरीने आलो. टेबलावर मी रडले. सिस्टर ओरडली, "एवढं काय झालं आजी?" माझ्याच हाताखाली शिकलेली दिसते.

५ ऑक्टोबर

डोळ्याची पट्टी काढली. घरात केवढी जाळी आहेत! पोचूची क्षमा मागायला हवी.

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा केली. म्हटलं, एकेक बोल्टला हळदकुंकू लावू. तिसऱ्या बोल्टवर बोट थांबलं. चंदेरी रंगाखाली लाकडाच्या रेषा.

धावड्याची खुंटी. पुढे आणखी एक. सतरा निघाल्या! मी नुसते अडकवून सोडलेले माझे सतरा नवे बोल्ट शिंगांच्या रंगाच्या डबीत सापडले, कापडात गुंडाळून ठेवलेले. एक खिडकीच्या कडीचाच स्क्रू होता.

रडू आलं. मग अंगणात जाऊन हाक मारली, "लटारू!"

त्याच्या हातातली आपट्याची पानं सांडली. धावत आला. "काऊन? आखीन दिसनं बंद झालं का?"

"दिसून राह्यलं," म्हटलं. "चला. आज पुढं बसा."