विलायती माजी खासदाराच्या भरवशावर

१० नोव्हेंबर १९९४
मंत्रालयात स्वेच्छानिवृत्तीची नोटीस सादर. तीन मासांनी आमचे शासकीय देहावसान. पुनर्जन्म गुडगावात, महामहिमांच्या सल्लागार कंपनीत, कचेरीप्रमुख म्हणून. महामहिम म्हणजे ब्रिटिश संसदेचे माजी सदस्य. तीनदा विजयी, चौथ्यांदा भूमिसात. दिवाळीत मयूर विहारी आमच्या घरी येऊन सौ. सुलभाच्या चकल्या भक्षण करताना त्यांनीच सुचवले, नोटीस लवकर द्या.
आमचे संयुक्त सचिव खन्ना साहेब म्हणाले, "पाध्येजी, सोच लीजिए." काय सोचायचे? माजी खासदार म्हणजे चालतेबोलते शिफारसपत्र. हे दिल्लीत कोणास ठाऊक नाही?

२ डिसेंबर
गुडगावच्या कचेरीस टेलिफोन नव्हता. महामहिमांनी दौऱ्यावर आलेल्या एका विलायती मंत्र्याची भेट मागितली. मंत्र्याच्या सहायकाने महामहिमांच्याच नावाचे स्पेलिंग विचारले. अखेर त्यांना कस्तुरबा गांधी मार्गावरील अतिथिगृहात आपल्या आबासाहेबांपुढे नेले. तेही माजी खासदारच. लुंगीवरच, बसल्या जागेवरून एक फोन केला. आज लाइनमन हजर.
महामहिम स्तिमित. "आमच्याकडे हरलेल्याची पार्किंगची जागासुद्धा जाते."
मी सभ्यतेने हसलो. घरी सांगितले, तर सुलभा हसली नाही. "अहो, मग हे तुम्हाला ठेवणार कुणाच्या जोरावर?"
प्रश्न विचाराधीन.

२३ जानेवारी १९९५
महामहिमांच्या बंगल्यास कुलूप. चौकीदार : "साब तो परसों लंडन चले गए. आपको नहीं बताया?"
सायंकाळी फोन लागला. पक्षाने पोटनिवडणुकीत उभे केले आहे. कंपनी विसर्जित. स्वर नवपरिणीतासारखा. विचारले, हे केव्हापासून?
"बोलणी ऑक्टोबरपासून चालू होती. सगळे सांगता येत नाही. तुम्ही राजकारण जाणता."
ऑक्टोबर. म्हणजे चकल्यांच्या आधी.
मी विजयासाठी शुभेच्छा दिल्या. आमच्या सुसंस्कृतपणास लाज म्हणून नाही.

२४ जानेवारी
सुलभाने चकल्यांचा सोऱ्या माळ्यावर टाकला.

३० जानेवारी
नोटीस मागे घेण्याचा अर्ज केला. मंजुरी खन्ना साहेबांच्या हाती. माझ्या निवृत्तीस अकरा दिवस उरले असतानाच कार्यभार घेण्यास आलेला नवा अवर सचिव माझ्या खुर्चीत स्थानापन्न; मला पाहून अर्धा उठला, "आइए सर, बैठिए." समोरच्या, अभ्यागतांच्या खुर्चीत बसलो.
खन्ना साहेब अर्ज वाचून म्हणाले, "देखते हैं."
बावीस वर्षे या दोन शब्दांनी मी लोकांना घरी पाठवत आलो. पाठवताना मला प्रत्येक वेळी ठाऊक असे की त्यांचे काम होणार आहे की नाही; आज ते फक्त खन्ना साहेबांस ठाऊक.
सुलभाला सांगितले, बघतो म्हणाले.
"म्हणजे?"